बाहेरचे दोन तास

ऐन भरात चाललेली सर्जरी सोडून रत्नागिरीच्या कातळावर आंब्याची कलमं बांधत बसणारा माणूस अख्ख्या जगात एकच असणार, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. नात्याने माझे साडू, पण घरात लहानथोर सगळे त्यांना ‘डॉक्टर’च म्हणतात. त्यांनी डॉक्टरकी सोडून चार वर्षं झाली. डॉक्टरकीने मात्र त्यांना अजून सोडलेलं नाही. जेवणाआधी ते कोपरापर्यंत हात धुतात आणि दोन्ही हात वर धरून नळासमोर उभे राहतात. नळ दुसऱ्या कुणीतरी बंद करायचा असतो. ताई करतात, त्या गावाला गेल्या की शेजारीपाजारी करतात. पंगत उठण्याआधी पळ्या-चमच्यांची मोजदाद होते. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात एक चमचा कमी भरला, तेव्हा त्यांनी व्याह्यांनाही पानावरून उठू दिलं नाही. “आत काही राहिलं तर जबाबदार कोण?” असं ते अत्यंत गंभीरपणे विचारत होते. चमचा आमटीच्या पातेल्यात सापडला. व्याही अजूनही डॉक्टर येणार असतील तर जेवूनच येतात.

कोयीला तांबूस कोंब फुटला की त्यावर हापूसची काडी बसवून पट्टी बांधायची, हे काम आमच्याकडे निम्म्या गावाला येतं. पण डॉक्टर कलम बांधतात तेव्हा आसपास कुणी खोकलेलंसुद्धा चालत नाही. पट्टी बांधून झाली की रोपाला हळूच थोपटून “झालं हं” म्हणतात. गिऱ्हाइकाचं नाव-गाव विचारून त्याची चिठ्ठी रोपाला बांधतात आणि वर सूचनांचा कागद देतात: पाणी किती, पट्टी कधी सोडायची, पानं मलूल दिसली तर ताबडतोब दाखवायला आणा. मंडणगडचे एक गृहस्थ खरोखरच मांडीत कलम घेऊन एसटीने दाखवायला आले. डॉक्टरांनी त्यांना फाटकातच नावाने हाक मारली आणि घरच्या म्हशीची खुशाली आधी विचारली, मग कलमाकडे वळले.

ही नावांची भानगड उगीच नव्हती. डॉक्टरांनी सर्जरी का सोडली याबद्दल गावात नाना तर्क होते. कुणी म्हणे हात कापतो, कुणी म्हणे कुठल्यातरी प्रकरणात अडकले. मला तर, खरं सांगतो, रागच आला होता. एवढं शिकलेला हात आणि तो मातीत! शेवटी एकदा मी विचारलंच. म्हणाले, “अहो, दिवसाला सहा-सात ऑपरेशनं. पेशंट माझ्यासमोर यायचा तो झोपलेला आणि जागा व्हायचा तो मी गेल्यावर. मला दिसायचं ते हिरव्या कापडातलं वीतभर पोट.” मग एकदा मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले, तर बांगड्यांच्या टोपलीमागून मासळीवाल्या सुलोचनाबाईंनी विचारलं, “काय वो डॉक्टर, वळाखलाव नाय माला? माजा पोट तुमीच शिवलाव!” डॉक्टरांना काही केल्या आठवेना. बाईंनी सरळ पदर जरासा बाजूला करून व्रण दाखवला. डॉक्टर एकदम ओरडले, “हां! हा टाका माझाच!” सगळा बाजार हसला. बाई म्हणाल्या, “टाका वळाखलाव, मानूस नाय!” डॉक्टरही हसले. पण त्या दिवशी त्यांना बांगडा गोड लागला नाही, आणि वर्षाच्या आत त्यांनी थिएटर सोडलं.

गेल्या थंडीत त्याच सुलोचनाबाई कलमांच्या मांडवात येऊन उभ्या राहिल्या. व्रणाच्या शेजारी गोळा आला होता. हर्निया. आतडं कधी अडकेल याचा नेम नव्हता, आणि बाईंचा हट्ट एकच: “तुमीच करा, नायतर मी नाय करनार.” आधी डॉक्टर रुसले. “माझ्या टाक्याशेजारी गोळा? शक्यच नाही!” मग म्हणाले, “चार वर्षं हात माणसाला लागलेला नाही. तुम्हाला फसवणार नाही. माझा विद्यार्थी करेल, माझ्याहून बरा करेल. पण मी येतो तुमच्याबरोबर.”

“आत?”

“नाही, बाहेर. तुमच्या लेकीजवळ बसतो.”

बाईंनी विचार केला. “बरा. पन मधेच उठून जायाचा नाय हां.”

मीच गाडीने सगळ्यांना डॉक्टरांच्या जुन्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. विद्यार्थी “सर, दोन तास” म्हणून आत गेला आणि डॉक्टर तीस वर्षांत पहिल्यांदा थिएटरच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत काय चाललं असेल ते लेकीला समजावून सांगत होते. मग सांगण्यासारखं संपलं. उठले, बसले, पुन्हा उठले. “अहो, हे घड्याळ बंद आहे का?” त्यांनी मला विचारलं. चाळीसच मिनिटं झाली होती. लेकीने आपल्या चहातला अर्धा त्यांना दिला आणि म्हणाली, “बसा वो, व्हईल बरा.” डॉक्टरांनी कप घेतला. हलक्या आवाजात म्हणाले, “मीसुद्धा ‘दोन तास’ सांगून आत जायचो. बाहेर ते एवढे मोठे असतात, हे मला ठाऊकच नव्हतं.”

ऑपरेशन झकास झालं. संध्याकाळी बाईंनी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर वाकून त्यांच्याच बोलीत विचारत होते, “वळाखलाव काय माला?” बाई पुटपुटल्या, “व्हय तर. तुमी बाहेर व्हतात.”

तेव्हापासून दर मंगळवारी डॉक्टर त्या बाकावर जाऊन बसतात. ज्यांचं माणूस आत आहे त्यांच्याशी बोलतात, दार उघडलं की त्यांच्याबरोबर दचकतात, आणि प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवतात. विद्यार्थीही आता आत जाण्याआधी पाच मिनिटं बाहेर बसतो म्हणे. मी त्यांना सोडायला जातो. निघण्याआधी कलमांना पाणी घालून ते कोपरापर्यंत हात धुतात आणि हात वर धरून उभे राहतात. ते हात आता कुणाचं पोट शिवणार नाहीत, याचं मला अजूनही वाईट वाटतं. मी पुढे होऊन नळ बंद करतो.