पाठीवरची पावडर

"पावडर नीट थाप. बाहेरचे लोक येतायत. कोड समझेंगे, मग लग्नाचं काय?"

आत्येसासूबाई माझ्या अकरा महिन्यांच्या मुलीबद्दल बोलत होत्या. रेवाच्या पाठीवर पानाच्या आकाराचे तीन पांढरे डाग. त्या दिवशी तिचं बोरन्हाण होतं आणि यांना तिच्या लग्नाची पडली होती.

कोड नव्हतंच ते. चौथ्या महिन्यात रेवाला झटके आले, तेव्हा इंदूरच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितलं होतं. जनुकातला दोष आहे, डागही त्याचेच. अशा मुलांत ऑटिझमची लक्षणं लवकर दिसू शकतात. नजरेला नजर देते का, हाकेला वळते का, बघत राहा. शंका आली तर थांबू नका.

मला दिसत होतं. रेवा हाकेला वळत नव्हती. चेहरा सोडून माझ्या कानातल्याकडेच बघायची. घरात सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "दरबारी घराणं आहे आमचं. तुझ्या माहेरचं असेल." माझे वडील रेल्वेत गँगमन. मी मान खाली घातली. त्याची लाज मला आजही वाटते. माझं आणि नवऱ्याचं, दोघांचंही रक्त तपासलं होतं, दोष कुणातच नव्हता. पण दरबारी डोळ्यांना रिपोर्ट वाचवत नाही. इथल्याच फ्रीगंजमधल्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेतानासुद्धा सासूबाईंनी पोरीला पावडर थापली होती!

रेवाला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले. बाकीची पोरं तुटून पडली. रेवाने वर पाहिलंच नाही. बांगडीचा एकच दाणा बोटाने चाचपत राहिली. मी हाक मारली. पुन्हा मारली.

शेजारच्या भाभी म्हणाल्या, "सुनती नहीं क्या?"

आत्येसासूबाई हसल्या. "शांत है बहुत. खानदानी है ना."

खानदानी! माझं डोकंच फिरलं. झबल्याची नाडी सोडली. पदर ओला करून रेवाची पाठ पुसली.

"भाभी, कान ठीक हैं इसके. इसको जनम से बीमारी है. ऑटिज़्म के लक्षण दिख रहे हैं. कल इंदौर ले जा रही हूँ."

"नाक कापलंस आमचं," सासूबाई म्हणाल्या.

असल्या नाकाचं काय लोणचं घालायचंय?

दुसऱ्या दिवशी देवास गेटवरून इंदूरची पहिली बस धरली. आता दर आठवड्याला तिला थेरपीसाठी नेते. रेवा बोलेल की नाही, मला माहीत नाही. पण तिला झाकून मिरवणाऱ्यांच्या पाटावर ती पुन्हा बसणार नाही.