कोठीतली सवत

आमच्या घरात मांजरींना नावं नव्हती. थोरली आणि धाकटी, बस्स, जावाजावांना म्हणतात तसं. तिसरी आली तेव्हा मी तिला धान्याच्या कोठीच्या खोलीत लपवली आणि त्या एका लपवाछपवीपायी लातुरातली आमची अख्खी गल्ली भर जानेवारीत बाजा-गोधड्या घेऊन रस्त्यावर आली. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. लातूरच्या माणसाला अजिबात वाटणार नाही.

आधी थोरलीचं सांगते. सासऱ्यांना मी मामा म्हणते. औशाच्या पुढं त्यांचं गाव. दगडमातीचं घर, वर मातीचं जड माळवद. भूकंपाच्या त्या पहाटे थोरली ओरडायला आणि नखांनी दार ओरबाडायला लागली. मामा वैतागून उठले, कडी काढली, आणि ही एवढी कुठं पळाली म्हणून तिच्यामागं चार पावलं अंगणात गेले. तेवढ्यात मागं घर बसलं. सासूबाई आत झोपल्या होत्या.

मामा आमच्याकडं आले ते एक घोंगडी, एक पितळी तांब्या आणि पोत्यात थोरली घेऊन. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "मांजरीनं वाचिवलं बघा तुमाला." मामा नुसतं "हाव" म्हणायचे आणि दुसरीकडं बघायचे. आमच्या घराला स्लॅब होता. त्याच्याखाली ते एक दिवस झोपले नाहीत. अंगणात पत्र्याचं शेड मारून घेतलं आणि आठ-नऊ वर्षं तिथंच काढली, थोरली पायथ्याशी घेऊन. उन्हाळ्यात त्या पत्र्यावर भाकरी भाजली असती, थंडीत गोधडी ओली लागायची. शेवटी दमा जडला. डॉक्टरांनी मलाच झापलं, "म्हाताऱ्या माणसाला पत्र्याखाली ठेवता? असंच चाललं तर पुढची थंडी काढायचे नाहीत ते." जसं काही मीच त्यांना तिथं नेऊन ठेवलं होतं!

मग महिनाभर माझी आणि मामांची जुंपली. मी रडले, अबोला धरला, एकदा रागाच्या भरात ताटही वाढलं नाही, त्याची अजून लाज वाटते. दिवाळी झाल्यावर एकदाचे ते म्हणाले, "येतो आत. पण थोरली आत हाय तवर. ती भाईर गेली की मी भाईर." मी म्हटलं चालेल. मांजरीला घरात ठेवायचं म्हणजे वाटीभर दूध ठेवायचं, त्यात काय मोठंसं! मामा आत आले. पंधरा दिवसांत खोकला बसला. मीही कितीतरी वर्षांनी डोळाभर झोपले.

लातूरला तेव्हा नुसता ऊत आला होता. ज्याला त्याला आपलं लेकरू डॉक्टर करायचं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, आणि नांदेडपासनं पोरं-पोरी शिकायला लातुरात. जो तो घरावर मजला चढवत होता. आम्हीही चढवला आणि वर बारावीच्या चार पोरी ठेवल्या, कुणी अहमदपूरची, कुणी नायगावची. पलीकडचं जुनं घर तर हॉस्टेल बांधायला म्हणून पाडलंच. घरवाल्यांनी कपाटं नेली, तुळशीची कुंडी नेली, जुन्या खिडक्यासुद्धा नेल्या. मांजर तेवढी विसरली.

ती त्या ढिगाऱ्यावर बसून असायची. पिवळी, एक कान फाटका, पोट पाठीला लागलेलं. मजूर हाकलायचे, ती चार हात लांब जायची आणि परत येऊन तिथंच बसायची, घरवाल्यांची चूल होती त्या जागी. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की दिसायची. तीन दिवस मी तिकडं पाठ करून कपडे वाळत घातले. चौथ्या दिवशी खाली उतरले, शिळ्या भाकरीवर दूध ओतलं आणि तिला पदरात गुंडाळून मागच्या दारानं आणली. तिनं माझा हात ओरबाडला. मी तिला शिवी दिली आणि घट्ट धरली.

लपवायचं कारण होतं. यांनी मला आधीच बजावलं होतं, "तिसरं मांजर घरात आलं तर मी बाहेर." आणि मामांना ढिगाऱ्यावरची मांजर कुठल्या तोंडानं दाखवायची? नुकते कुठे आत आले होते बिचारे. म्हटलं, आठवडाभर खाऊ-पिऊ घालू, जरा अंगावर मांस चढलं की बघू. कोठीला कडी लावली आणि घरात सांगितलं, आत उंदराचं औषध टाकलंय, कुणी जायचं नाही. घरात दोन-दोन मांजरी असताना उंदराचं औषध! पण कुणी विचारलं नाही. बाईच्या कोठीत काय चाललंय हे घरात कुणी विचारत नसतं.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तशी गत झाली माझी. माणसं फसली, पण थोरलीचं नाक कसं फसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोठीच्या दाराशी गेली, फटीला नाक लावलं, आणि तिच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. असा आवाज काढला की मामांच्या हातातला चहा हिंदकळला. मग ती सुसाट बाहेर पळाली आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसली. मागोमाग धाकटीही पळाली, ती पाण्याच्या टाकीवर. दूध दाखवलं, बोलावलं, हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दोघीही घराकडं बघून गुरगुरत होत्या. पाऊल काही आत टाकत नव्हत्या.

मामांनी चहा खाली ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी गोधडी उचलली आणि शेडात जाऊन बसले. जाता जाता एवढंच म्हणाले, "पोरींना खाली बोलीव."

तिथंच तोंड उघडायला हवं होतं मी. पण काय झालं, की शेजारच्या खाला, म्हणजे गल्लीच्या मावशीच, तेवढ्यात भिंतीपाशी आल्या. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान, आणि अख्ख्या गल्लीची बातमी त्यांच्या ओट्यावरून जायची. थोरलीला सगळी गल्ली 'भूकंपाची मांजर' म्हणून ओळखायची. तिला भिंतीवर फिस्कारताना बघून खालांनी कपाळाला हात लावला. "बहू, बिल्ल्यां घर छोड दिये. ये बात हलकी नक्को समझो." मी म्हटलं, "अहो खाला, तसं काही नाही." त्या म्हणाल्या, "तुमको क्या मालूम? बिल्लीकू मालूम."

दुपारपर्यंत गल्लीतल्या बाजा बाहेर आल्या. कुणी गॅसची टाकी बाहेर काढली, कुणी देवघर. माझ्या चारही पोरी वह्या-पुस्तकं घेऊन रस्त्याच्या मधोमध सतरंजीवर बसल्या. अहमदपूरच्या पोरीनं घरी फोन केला, तर तिचे वडील मिळेल ती एसटी धरून पोरीला न्यायला निघाले, बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असताना! पलीकडच्या क्लासनं त्या दिवशीची टेस्ट पुढं ढकलली. तेवढी मात्र पोरींना आवडली.

आणि मी? मी आपली सगळ्यांना चहा करून पाजत होते. दर कपागणिक सांगायचं ठरवत होते आणि दर कपागणिक माणसं वाढत होती. सकाळी दोघांना सांगायचं होतं, ते आता साठ माणसांना सांगायचं. बाई गं, जीभच उचलेना!

दिवेलागणीला गारठा पडला आणि शेडातून मामांचा खोकला ऐकू आला. तो जुना, छाती खरवडणारा खोकला, दोन महिने जो गेला होता. म्हटलं, गेली अब्रू खड्ड्यात. कोठी उघडली, पिवळीला काखेत मारलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. "भूकंप नाही न् काही नाही," मी ओरडून सांगितलं. "ही सवत आणली मी त्यांच्यावर. म्हणून रुसल्यात दोघी!"

मग भिंतीवरून थोरलीनं पिवळीला बघितलं आणि अशी काही फिस्कारली की कुणाला पुरावा मागायची गरज उरली नाही. खाला आधी हसल्या. मग सगळी गल्ली हसली, मग सगळ्या गल्लीनं मला शिव्या घातल्या, आणि पुन्हा हसली. लोक इतके खूश झाले की बाजा आत न्यायला एकमेकांना मदत करत होते. अहमदपूरचे वडील पोचले ते माझ्या स्वयंपाकघरात जेवायलाच बसले. आमचे हे ऑफिसातून आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी बाहेर जाईन म्हटलो होतो. तू तर गल्लीच बाहेर काढली."

पण मामा शेडातून उठले नाहीत. "लोकांचं लोकांपाशी," म्हणाले. "थोरली आत न्हाई. मी आत न्हाई."

मी म्हटलं, उद्या सकाळी हिला मार्केट यार्डात सोडून येते, तिथं उंदरांना तोटा नाही. मामांनी पिवळीकडं बराच वेळ बघितलं. "ढिगाऱ्यावरची हाय ना? मंग न्हाई सोडायची." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "लपवून ठिवलं, तिथं चुकलं तुझं. नवा बैल दावणीला आणल्यावर झाकून ठिवतात का?"

दुसऱ्या दिवसापासून सगळं मामांनी हातात घेतलं. त्यांच्या गावाकडं नवा बैल आणला की जुन्याची झूल नव्याच्या पाठीवर टाकायची आणि नव्याची जुन्याच्या. एकमेकांना दिसतील पण शिंग लागणार नाही इतक्या अंतरावर बांधायचं आणि वैरण एकाच वेळी टाकायची. मामांनी आपला जुना पटका फाडला. एक तुकडा थोरलीच्या अंगावरून फिरवून पिवळीखाली अंथरला, पिवळीचा नेऊन भिंतीवर थोरलीजवळ ठेवला. थोरलीनं तो पंजानं खाली ढकलला. मामांनी उचलून परत ठेवला. असं दिवसातून दहादा. कोठीच्या दाराला मी जुनी जाळी मारून दिली. आत पिवळीची वाटी, बाहेर या दोघींची. पहिल्यांदा वाटी दाराशी, मग अंगणात, मग शेवटी भिंतीवरच न्यावी लागली. धाकटी दोन दिवसांत विरघळली, खादाडच ती. थोरली मात्र भिंतीवरच दूध प्यायची, तेही पाठ फिरवून.

संक्रांत झाली. मामा अजून शेडातच. खोकल्याचं औषध मी देत होते, ते घेत होते, खोकला जात नव्हता. मला राग कुणाचा येत होता तेच कळेना. थोरलीचा, पिवळीचा, की माझा?

आठव्या दिवशी दुपारी मी अंगणात तीळ निवडत होते. मामा बाजेवर बसले होते. पिवळी पहिल्यांदाच जाळीबाहेर आली आणि उन्हात अंग चाटायला लागली. थोरली भिंतीवरून उतरली, दबकत आली आणि तिच्या तोंडावर सणसणीत एक फटका ठेवून दिला. पिवळीनं मान खाली घातली, हलली नाही. थोरलीनं थोडी वाट बघितली, परत भांडायला काही मिळेना, तेव्हा तिथंच दोन हात लांब बसली आणि आपलंही अंग चाटायला लागली.

मामा हसले. मग हसता हसता थांबले.

"गावाकडं पाटलाचा एक बोका हुता," ते म्हणाले. "पहाटं पहाटं आमच्या आंगणात यायचा. ही अशीच याडी व्हायची. दार ओरबाडायची, भाईर सोडा म्हणून."

मी तीळ खाली ठेवले.

"त्या दिशीबी बोकाच आला असंल गं."

मामांची नजर थोरलीवरच होती.

"लोक म्हणत्यात, हिनं मला सांगितलं. इतकी वरसं मला वाटून राहिलं, की मला सांगावा आला, अन् मी तुझ्या सासूला न उठवता एकलाच भाईर आलो." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसंच बोलत राहिले. "तसं न्हवतं. मला कुणी सांगितलंच न्हवतं."

मी उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि मोठ्यानं रडले. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून, "उगी, उगी," म्हणत होते. रडू त्यांचं होतं आणि समजूत माझी चालली होती. इतकं हलकं मला त्या भूकंपानंतर कधी वाटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर मामांनी गोधडी काखेत मारली, तांब्या घेतला आणि घरात आले. थोरली पुन्हा भिंतीवर जाऊन बसली होती. मी म्हटलं, "मामा, ती अजून बाहेरच आहे."

"यील की," ते आतूनच म्हणाले. "भूक लागली की यील. दार तेवढं उघडं ठिव."