चीनला जाणं राहिलं

मित्रांनो, आमचं चीनला जाणं आज मोडलं.

मी पूर्णा स्टेशनावर तिकीटबाबू. दरसाल रेशीम विकायला येणाऱ्या चिनी लीभाऊंनी आम्हा नवराबायकोला त्यांच्या गावी बोलावलं होतं. माझी रजा मंजूर झाली होती. बायकोनं त्यांच्या आईसाठी गोधडी शिवली होती.

आज लीभाऊ गाडीतून रिकाम्या हातानं उतरले. मी खुशीत विचारलं, "कब निकलना, भाई?"

"अब नक्को आओ. गाँव से चिठ्ठी आई. जपानी बम गिरा. घर नै रहा, अम्मा बी नै रही."

मी त्यांना घरी आणलं. ते भिंतीकडं तोंड करून बसलेत. बायको म्हणायलीय, "दोन घास खा म्हना की त्यांना!"

मी ताट घेऊन त्यांच्याजवळ बसलोय. तुमी असता तर काय बोलला असता?