नेलिदाचा बंदोबस्त

महिन्याचा पहिला शुक्रवार आला की कोचाबांबाच्या त्या विमा कचेरीत धरणीमायच्या नावानं यंत्रांवरही बिअर शिंपडायचे. या खेपेला सर्व्हर भिजू नयेत म्हणून नेटवर्क सांभाळणारी नेलिदा किस्पे सर्व्हरच्या खोलीत जाऊन दार लावून बसली. तासाभरानं बघते तर इलेक्ट्रॉनिक कुलूप उघडेना.

तिनं कुलपाच्या यंत्राचा पत्ता आणि पोर्टचा आकडा टाइप करून कनेक्शन लागतंय का पाहिलं. साधा नकार आला असता, तरी पलीकडे कुणी जिवंत आहे एवढं कळलं असतं. पण कर्सर नुसता लुकलुकत राहिला. नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलला तिनंच सकाळी लावलेला नवा नियम कुलपाकडे जाणारं सगळं गिळत होता, आणि तो काढता यायचा फक्त बाहेरच्या कॉम्प्युटरवरून.

"कास्तामावशी, साहेबांना म्हणावं नियम काढा!" ती दार बडवत बाहेर झाडलोट करणाऱ्या मावशींना ओरडली.

"सांगितलं की! ते म्हणतात, तुमच्या सहीच्या अर्जाशिवाय नियमाला हात लावायचा नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."

"मग अर्ज दाराखालून सरकवा ना, मेलं!"

"फट कुठाय बाई? गेल्या वर्षी बिअर आत आली म्हणून तुम्हीच नाही का बुजवून घेतली?"