ह्यांची आठ दिवसांची झोप

आमच्याकडे तापाला मान आहे. शुगरला तर फारच. पण माणसाला झोप येत नाही म्हटलं की लोक हसतात. "कामं कमी पडत असतील," म्हणतात.

हे अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर. पत्रा आत सरकवायचा, वरून साचा धाडकन खाली येतो, तेवढ्यात हात बाहेर काढायचा. वर्षानुवर्षं एक आठवडा पहाटेची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची. शरीर बिचारं कधी झोपायचं तेच विसरून गेलं. आधी चिडचिड सुरू झाली, मग बीपी वाढलं. गाडीची किल्ली हातात धरून घरभर किल्ली शोधायचे आणि मी आपली हसायचे. मग एक दिवस हात मशीनच्या आत असतानाच डुलकी लागली. शेजारच्या कामगाराने मागून खेचलं म्हणून बोटं शाबूत राहिली.

डॉक्टरांनी आठ दिवसांची रजा लिहून दिली. मला म्हणाले, "गोळ्या थोड्याच देतो. घरात शांतता ठेवा. झोप भरून निघाल्याशिवाय त्या मशीनपुढे उभं राहायचं नाही."

शांतता! सिडकोत! सकाळी घंटागाडी गाणं लावून येते, तिच्यामागे भंगारवाला, मग वरच्या काकूंचा मिक्सर. तरी मी पदर खोचला. कुकर बंद, डाळ पातेल्यात शिजवायची. बेलची वायर काढून टाकली, सासूबाईंचा टीव्ही बंद. मुलीला बजावलं, शाळेतून आलीस की चपला बाहेर आणि तोंड बंद. आणि बिल्डिंगमधल्या बायकांना जिन्यात गाठून सांगितलं, "ह्यांना जरा बरं नाही हो, आवाज नका करू." झोप येत नाही म्हटलं असतं तर फिदीफिदी हसल्या असत्या, म्हणून आपलं 'बरं नाही'.

झालं! बरं नाही म्हटल्यावर माणसाला बघायला जायचं असतं. दुसऱ्याच दिवशी वरच्या काकू शहाळं घेऊन हजर. "उठवू नका हं त्यांना, मी नुसतं लांबून बघते." लांबून म्हणजे थेट पलंगाशी. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगंबाई, ताप तर नाही!" ह्यांनी डोळे उघडले. मग चहा.

पुढे रीघच लागली. कुणी बिस्किटं आणली, कुणी द्राक्षं. बेल बंद, म्हणून दार बडवायचे. एक म्हणे जायफळ उगाळून द्या, दुसरी म्हणे काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा, आणि ही चर्चा ह्यांच्या उशाशी बसून, टिपेच्या आवाजात. एकदा वैतागून मी बाहेरून कुलूप लावलं आणि गच्चीवर जाऊन बसले. तर समोरच्या वहिनींनी घाबरून ह्यांनाच फोन केला, "भाऊजी, कुठल्या दवाखान्यात ॲडमिट केलंय तुम्हाला?"

मग देवळ्याहून मामेसासरे आले, रागावूनच. "भाच्याला बरं नाय, अन् आम्हाला ते लोकांकडून कळतं?" खुर्ची ओढून बसले, ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय रे, लय उतरला तू. झोप तरी लागते ना नीट?"

हे उठून बसले, अंगात सदरा घातला आणि म्हणाले, "लागते ना मामा."

मी ओट्यावर डोकं टेकून रडले. कुणाला बोल लावू? एकही माणूस वाईट नव्हता, सगळ्यांच्या पोटात माया. सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही तरी सांगा ना ह्या येणाऱ्यांना." तर त्या म्हणाल्या, "अगं, दारी आलेल्याला जा कसं म्हणायचं? उद्या आपल्यावर वेळ आली तर कोण येईल?" तेही खोटं नव्हतं. मी पुन्हा चहाचं आधण ठेवलं.

रजा संपली. ह्यांचे डोळे तसेच लाल. साहेब वाढवून द्यायला तयार नव्हते, जागा भरायला पोरं दारात उभी आहेत म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारची पाळी होती. जेवण झालं, मी डबा भरला. त्या दुपारी नेमकं कुणीच आलं नाही. मोजे घालायला हे पलंगावर बसले. पाण्याची बाटली घेऊन मी आत आले तर एक मोजा पायात, एक हातात, आणि हे आडवे. चक्क घोरत होते. कपाळावरची आठी पार गेली होती. इतके तरुण दिसत होते की मला भडभडून आलं.

कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला.

मी तशीच उभी राहिले. आता कुणाशी भांडू? नाही उठवलं तर नोकरी जाते. उठवलं तर ते मशीन आहेच. हॉर्न पुन्हा वाजला. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, हळूच हलवलं. उठेनात. मग गदागदा हलवलं. "अहो, उठा. बस आली."

ते दचकून उठले. "किती वेळ झोपलो गं?"

"खूप," मी म्हणाले.

त्यांना ते खरं वाटलं. जरा हसलेसुद्धा. खाली वाकून दुसरा मोजा मीच त्यांच्या पायात चढवला, डबा हातात दिला, आणि त्यांना मशीनवर पाठवलं.