केसांखालचा खळगा

आमच्या प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणतात. बावीस वर्षं तिने ब्युटी पार्लर चालवलं. मग केस रंगवायच्या रसायनांनी हातांची सालं निघायला लागली आणि डॉक्टरांनी ते काम सोडायला लावलं. इथे सफाईला असलेली तिची नणंद म्हणाली, "डोक्यांचंच काम आहे गं, ये."

काम असं, की मन उदास झालेल्या माणसांच्या डोक्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज बांधायचे, अगदी सौम्य वीज सोडायची आणि ती मेंदूतून कुठून कशी जाते याचा नकाशा काढायचा. त्यासाठी केसांत भांग पाडत वीज मोजणाऱ्या बारीक चकत्या चिकटवायच्या. आम्हा कुणालाच ते धड जमत नव्हतं. मावशीचा हात बसलेला.

एकदा एक निवृत्त बसड्रायव्हर आले. वर्षभर घराबाहेर न पडलेल्या नवऱ्याला बायकोने जवळजवळ ओढूनच आणलं होतं. त्यांचा नकाशा भलताच निघाला. उजव्या कानाच्या वर एकाच जागी विजेची गर्दी!

आमची डॉक्टर वैतागली. "मावशी, स्पंज नीट पिळला नाहीत. पाणी ओघळलं की असंच होतं."

मावशीच्या मनाला लागलं. पुढच्या वेळी तिने एकेक बट कोरडी केली. नकाशा तस्साच.

तिसऱ्या खेपेला चकती लावता लावता तिचं बोट अडलं. केसांखाली खळगा होता, बोटाचं पेर बसेल एवढा.

"इथे कधी लागलं होतं का हो?" तिने हळूच विचारलं.

ड्रायव्हर म्हणाले, "नऊ वर्षांचा असताना गच्चीवरून पडलो. हाडाचा तुकडा काढावा लागला. नोकरीच्या वेळी सांगितलं असतं तर गाडी कुणी हातात दिली असती? तेव्हा लपवलं, ते लपवलंच. इथल्या फॉर्मवरही सवयीने 'नाही' लिहून बसलो."

"डॉक्टरांना तुम्हीच सांगा. मी उभी राहते शेजारी."

त्यांनी सांगितलं. बायको भडकली. "तीस वर्षं या डोक्याशेजारी झोपतेय मी! मला तरी सांगायचंत!" पण थोड्या वेळाने त्यांचा हात धरून बसली.

स्कॅनमध्ये कवटीला नाण्याएवढं भोक दिसलं. हाड विजेला अडवतं. तिथे हाडच नव्हतं, म्हणून वीज तिथूनच आत घुसत होती. आमचा कॉम्प्युटर मात्र सगळ्यांची कवटी सारखीच धरून चालला होता. डॉक्टरने त्यांच्यावरचा प्रयोग तिथेच थांबवला आणि त्यांना औषधं नि समुपदेशन सुरू करून दिलं.

"मावशी, चुकलं माझं. उगाच तुमच्यावर घसरले."

"असू दे. पण यापुढे आधी डोकं चाचपायचं, मग वीज."

ड्रायव्हर काही एकदम बरे झाले नाहीत. पण तपासणीला आता आपणहून येतात. गेल्या महिन्यात मावशीच्या टेबलापाशी बसून त्यांनी प्रवाशांचे किस्से रंगवून रंगवून सांगितले. बायकोला घरी जायची घाई होती, तरी तिने त्यांना उठवलं नाही.