लॅपटॉपच्या उबेला लावलेलं विरजण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. औंधला यमाईपुढं दर वर्षी हात जोडते — तिला ठाऊक असेलच, पण माझ्या तोंडून नाही. तुम्हाला सांगते.

बारा वर्षांपूर्वीची मी कशी होते, ठाऊक आहे? अठ्ठावन्न वर्षांची, पदर खोचलेली, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशा तोऱ्यात फिरणारी. बिघडलेला मिक्सर मी थापट्या मारून सुरू करायची. आमच्या कोरेगावात माझ्यासारखं दही कुणाचं लागत नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे — मीच.

त्या संक्रांतीला थंडी अशी पडली की दही लागेना. दोन दिवस ताटात नुसतं आंबूस दूध. तिसऱ्या दिवशी माझी सून मनीषा हळदीकुंकवाला निघाली. जाताना म्हणाली, "आई, लॅपटॉप चालू ठेवलाय, त्यावर काही उतरवून घेतेय. हात नका लावू हं." मनीषा सांगलीकडची, माधवनगरची. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, आणि लग्न झाल्यापासून माझ्या हाताखाली पोळ्या लाटणारी. पुण्याच्या एका कंपनीत घरी बसून करायचं काम निघालं होतं, तिनं अर्ज केला होता. दोन दिवसांनी मुलाखत — त्याच लॅपटॉपवर.

त्याच्या कडेनं गरम वारा येतो, हे माझ्या चाणाक्ष नजरेनं आधीच हेरलं होतं. मग काय? विरजणाचं पातेलं त्या वाऱ्याला टेकवलं आणि दोघांवर मिळून गोधडी घातली. केवढी अक्कल — नाही का?

चार तासांनी गोधडी काढली तर जळकट वास. लॅपटॉप बंद, आणि इतका तापलेला की हात ठेववेना. मी गोधडीची घडी घातली, पातेलं आत नेलं. दही मात्र सुरीनं कापावं असं लागलं होतं.

मनीषा आली. तिनं लॅपटॉप पंख्याखाली धरला, बॅटरी काढली, पुसली, परत बसवली, बराच वेळ बटण दाबून पाहिलं. वायर लावली की सुरू, काढली की बंद. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साताऱ्याला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं बॅटरी हातात फिरवली. "फुगलीय बघा, वैनी. ही आता न्हाई चालायची. कशात गुंडाळून ठिवला हुता का?"

मनीषा नाही म्हणाली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही हो — आठवायला मदत मागावी तसं.

आणि मी म्हणाले, "गादीवरच ठेवते की ती नेहमी."

एवढंच. ठेवायचीही ती कधीमधी — म्हणून तर खोटं इतकं सहज निघालं. तसली बॅटरी दुकानात नव्हती, मागवायला आठवडा लागणार होता. मुलाखतीच्या दिवशी वायर लावून ती बसली, आणि मध्येच वीज गेली. वीज परत आली तेव्हा तासभर होऊन गेला होता. तिकडून पुन्हा बोलावणं आलं नाही.

मुलगा तिला म्हणाला, "तुला एक वस्तू सांभाळता येत नाही, नोकरी काय सांभाळणार?" मी तिथंच होते. गप्प राहिले. का? भीती होतीच — पण आणखी एक सांगते. ती कामाला लागली असती तर स्वयंपाक पुन्हा माझ्या गळ्यात पडला असता. आत कुठंतरी मला बरं वाटलं होतं.

तिनं नंतर कुठंही अर्ज केला नाही. आम्ही कुणी कर म्हणालोही नाही.

परवा नातीचा शाळेचा टॅब अडला. ती आईकडं घेऊन आली. मनीषानं हातसुद्धा पुढं केला नाही. "मला नको दाखवू बाळा. माझ्या हातून बिघडतं. बाबा आले की त्यांना दाखव."

मी शेजारी शेंगा सोलत होते. सोलत राहिले.